बुधवारची खुर्ची

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन गोष्टी टांगलेल्या आहेत. एक आमच्या लग्नाचा फोटो, ज्यात यजमानांचे डोळे नेमके मिटलेले आहेत. दुसरी मला आलेली कारणे दाखवा नोटीस. तीही व्यवस्थित लॅमिनेट केलेली. पाहुणे फोटो बघून हसतात आणि नोटीस वाचून गप्प बसतात. मग मी चहा टाकायला आत गेले की यजमानांना हळूच विचारतात, "वहिनींचं काही झालं होतं का नोकरीत?"

झालं होतं. नोटिशीत लिहिलंय, की आपण दिलेल्या गृहभेटीच्या वेळी विद्यार्थिनी घरी आढळून आली नाही, सबब तीन दिवसांत खुलासा सादर करावा. नोकरीत मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. ते प्रशस्तिपत्र कसं, हे सांगायचं तर आधी माझी नोकरी काय होती ते सांगायला हवं, कारण ती आमच्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळली नाही.

मी फिरती विशेष शिक्षिका. म्हणजे मला शाळा नाही, वर्ग नाही, फळा नाही. एक स्कूटर आणि एक मोठी निळी पिशवी. ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, किंवा समजायला इतरांपेक्षा वेळ लागतो, त्यांनी वेगळ्या शाळेत न जाता गावातल्याच शाळेत इतरांच्या मांडीला मांडी लावून शिकावं, असं सरकारचं धोरण आहे आणि ते मला मनापासून पटतं. याला समावेशित शिक्षण म्हणतात. आता त्या मुलाला शाळेत बसवायचं तर कोणाला श्रवणयंत्र लागतं, कोणाला मोठ्या अक्षरांचं पुस्तक, कोणाला निव्वळ पहिल्या बाकावरची जागा. हे बघायला, गुरुजींना समजावायला, आईबापांना धीर द्यायला आणि या सगळ्याचे तक्ते भरायला आम्ही. नंदुरबार तालुक्यातल्या वीस-बावीस शाळा माझ्याकडे होत्या. पिशवीमुळे गावोगाव माझे वेगवेगळे समज. एका गावात मी बांगड्या विकते असं वाटायचं, एका गावात डोस पाजणारी. एका म्हाताऱ्या बाबांनी तर मला बघताच दंड उघडा करून पुढे केला होता.

मूळची मी शहाद्याची, त्यामुळे अहिराणी माझ्या तोंडातच. पण नोकरीची सुरुवात झाली ती सातपुड्यात, जिथे माझ्या अहिराणीला कोणी विचारत नव्हतं. मणिबेलीच्या बाजूला, धरणाच्या पाण्यातून, एका मुलीची चाचणी घ्यायला बोटीनं गेले होते. बोटीत मी पहिल्यांदाच बसत होते. मुलीसमोर मी चित्रांची कार्डं मांडली : आगगाडी, फ्रीज, पोस्टाची पेटी. मुलगी गप्प. मी ऐटीत लिहिलं, "प्रतिसाद नाही." परत निघताना तीच मुलगी काठावर आली, माझा हात घट्ट धरला, कोणत्या फळीवर पाय ठेवायचा ते दाखवलं आणि नावाड्याला काहीतरी बजावलं. मी विचारलं, काय म्हणाली? नावाडी हसत म्हणाला, "ती सांगते, या बाईला बोटीत बसायची अक्कल नाही, हिच्याकडे लक्ष दे." अर्ध्या पाण्यात मी तो चाचणीचा कागद फाडला.

त्या दिवशी मी शहाणी झाले असं मला वाटलं होतं. झाले नव्हते. आमच्या कामात खरा धोका पाण्याचा किंवा घाटाचा नसतो. तो तक्त्यातल्या रकान्यांचा असतो. "होय" आणि "नाही" असे दोन चौकोन, आणि एका चौकोनात बरोबरची खूण. खूण केली की काम झाल्यासारखं वाटतं, हातही हलका होतो.

अशीच एक खूण मी पूनमच्या नावापुढे केली.

रनाळ्याच्या पुढे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथले मुख्याध्यापक अजून माझ्याशी बोलतात आणि पुढेही बोलावेत अशी इच्छा आहे. पूनम तिथल्या हिलालभाऊंची मुलगी. जन्मापासून तिच्या दोन्ही पायांत ताकद नाही, बाकी सगळं ठणठणीत, जीभ तर जरा जास्तच. हिलालभाऊ पथारीवर कामाला, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर पोती उचलायला. आई सुमनताई तिथेच देठं खुडायला. पूनम सहा वर्षांची झाली तेव्हा शाळेत नाव घातलं आणि तक्ता माझ्यासमोर आला : विद्यार्थिनी शाळेत येऊ शकते, की घरीच शिक्षण द्यावं लागेल? तेव्हा चाकांची खुर्ची मिळालेली नव्हती. आई घाबरलेली, मुख्याध्यापक बोरसे सर आईपेक्षा घाबरलेले. मला त्या दिवशी अजून दोन गावं करायची होती. मी दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि बाजूला पेन्सिलीनं "तात्पुरते" असं लिहिलं.

पेन्सिलीचं लिहिलेलं पुसलं जातं. ते तात्पुरतं चार वर्षं चाललं.

घरी शिक्षण म्हणजे दर बुधवारी मी पिशवी घेऊन तिच्या घरी. खरं सांगते, तो माझा आठवड्यातला लाडका दिवस. मुलगी हुशार. तीन अंकी भागाकार तोंडी करायची. तिचं अक्षर इतकं सुंदर, की तिची वही मी इतर शाळांत मिरवायची. आणि सुमनताईंचं आदरातिथ्य! मी दारात दिसले की त्या लगबगीनं आतली खुर्ची ओढायच्या, पदरानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "बठा मॅडम, खुर्ची शे ना. खाले कसाले बठतस?" मग मी ऐसपैस बसायची, चहा यायचा, आणि पूनम समोर जमिनीवर गोधडीवर बसून मला पाढे म्हणून दाखवायची.

आता ती खुर्ची कोणती, ते ऐका. शाळेत नाव घातल्यावर महिन्याभरातच नंदुरबारच्या शिबिरात पूनमसाठी मिळालेली चाकांची खुर्ची. वाढतं अंग म्हणून मीच जरा मोठं मोजमाप पाठवलं होतं, मीच सही करून घेतली होती. घरात आली तेव्हा सगळ्या घरात तेवढी एकच खुर्ची. हातांचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं, सरकारी वस्तू, मळली आणि उद्या परत मागितली तर? मग ती ठेवली पाहुण्यांसाठी. आणि आठवड्याला नेमानं येणारी पाहुणी कोण, तर मी. चाकं सरकू नयेत म्हणून मी शिकवल्याप्रमाणे सुमनताई ब्रेक लावायच्या. मुलीच्या चाकांच्या खुर्चीत बसून मी चार वर्षं तिला शिकवत होते, आणि मला ते दिसत नव्हतं. माझ्या वजनानं खुर्चीची बैठक मधोमध खचली होती, म्हणजे पुरावासुद्धा होता.

असाच एक श्रावणातला बुधवार. पूनम पाचवीत. मी खुर्चीत, चहा हातात. तिनं जुनी वही उघडली आणि विचारलं, "मॅडम, शाळाना फळा कोनता रंगना शे?"

"काळा," मी म्हणाले. "दुसरीत तू लिहिलं होतंस की. मी बरोबर दिलं होतं."

"यमुनामायनी नात सांगस, हिरवा शे म्हने. मंग तुम्ही माले बरोबर कसं काय दिधं?"

यमुनामाय म्हणजे शेजारीण. त्यांची नात पूनमच्याच वर्गात. मी जरा आवाज चढवून म्हटलं, "पूर्वी काळेच असायचे."

"तुम्ही देखं का?"

मी त्या शाळेत दर महिन्याला जात होते. मुख्याध्यापकांच्या टेबलाशी जायची, सही घ्यायची, निघायची. फळ्याचा रंग मला आठवेना.

"माले देखाना शे," पूनम म्हणाली. "तठे घंटा वाजस ती आठे आयकू येस. कोनले शिक्षा व्हयनी ते बी माले समजस. फक्त फळा देखा नही."

घरापासून शाळा इतकी जवळ, की खरंच घंटा ऐकू यायची. हजेरीपटावर तिचं नाव होतं, दर वर्षी ती पास होत होती, आणि तिनं शाळा आतून पाहिलेली नव्हती. मी चहा अर्धा टाकून शाळेत गेले. फळा हिरवा होता. चांगला गर्द हिरवा, भिंतभर.

पुढच्या बुधवारी मी गेले तर पूनमनं वही उघडली नाही. "आगोदर फळा दखाडा, मंग वही उघडसू."

मी रागावले. माझा राग तालुक्यात प्रसिद्ध आहे, बोरसे सर तर माझी स्कूटर ऐकूनच वह्या काढून ठेवत. पूनमवर काही परिणाम झाला नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही, त्याच्याही पुढच्या नाही. तीन बुधवार ती गोधडीवर हाताची घडी घालून बसली. सुमनताई रडकुंडीला आल्या. "पटवर नाव शे ना मॅडम. दर वरीसले पास व्हई ऱ्हायनी. आजून काय जोयजे?" हिलालभाऊ म्हणाले, "मी लई जास ना खांदावर. जड नही शे ती माले. पन आयकस कोठे!"

"मी शाळामा जासू," पूनम म्हणाली. "पन कोनी उचलानं नही. मी काय मिरचीनं पोतं शे?"

बाप दिवसभर पोती उचलणारा. त्याला ते लागलं. तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला.

मला कळून चुकलं, की ही पोर बोलते ते करणार. आता गेली नाही, तर शिकणं सोडून देईल, आणि मी तिच्या नावापुढे दर महिन्याला खुणा करत राहीन. मग मी उठले, खुर्चीचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि सुमनताईंना म्हटलं, "आजपासून मी खाली बसणार. खुर्ची तिची आहे." सुमनताईंना वाटलं मी भांडून चालले. त्यांनी खुर्चीला आधी हळदकुंकू लावलं, मगच मुलीला बसू दिलं.

घर ते शाळा, मध्ये एक उघडं गटार. त्यावर हिलालभाऊंनी दोन शहाबादी फरश्या टाकल्या. उरला शाळेचा ओटा. त्याला रॅम्प होता. होता म्हणजे, दर वर्षी तक्त्यात प्रश्न यायचा "रॅम्प आहे का?" आणि मी "होय" वर खूण करायची. खोटं नव्हतं. ओटा जमिनीपासून दोन फूट उंच, आणि समोर आठ फुटांवर झेंड्याचा चौथरा. गवंड्यानं त्या आठ फुटांत रॅम्प बसवून दिला होता. त्या रॅम्पचा नियमित लाभार्थी एकच, बोरसे सरांची मोटारसायकल. ती पहिल्या गिअरमध्ये घोंघावत वर चढायची आणि सावलीत उभी राहायची. मुलं पोत्यावर बसून घसरायची. मागे एकदा तपासणीला आलेले साहेब त्यावरून उतरताना जे पळत सुटले ते थेट फाटकाशी थांबले.

पूनमला आणण्याआधी चढून बघावं म्हणून मीच खुर्चीत बसले. मांडीवर पिशवी. मागून ढकलायला हिलालभाऊ, शंभर किलोची पोती लीलया उचलणारा गडी. अर्धा चढ झाला आणि खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली. मला फक्त आकाश दिसू लागलं. हिलालभाऊंच्या पायाखाली मुलांनी घासून घासून गुळगुळीत केलेलं सिमेंट. आम्ही दोघं, खुर्ची आणि पिशवी असे उलटे जे निघालो ते झेंड्याच्या चौथऱ्याला जाऊन टेकलो. पिशवीतले मणी, ठोकळे, प्लास्टिकचे प्राणी सगळ्या मैदानात. प्लास्टिकचा हत्ती एका पोरानं त्याच दिवशी पळवला, तो अजून मिळालेला नाही. सगळी शाळा पोट धरून हसत होती. मला लागलं नाही, पण अंबाडा सुटला होता, आणि जिच्या रागाची तालुक्यात ख्याती ती बाई चौथऱ्याशी बसून स्वतःच फिदीफिदी हसत होती.

बोरसे सर मात्र पांढरेफटक. एरवी ते माझ्याशी शुद्ध बोलायचे, पण घाबरले की अहिराणीवर यायचे. "मॅडम, पडनी ना ती, तं मन्ही नोकरी गयी समजा! जबाबदार कोन?"

माणूस वाईट नव्हता. मुलांच्या खिचडीत मीठ कमी पडलं तरी त्याला झोप यायची नाही. पण जबाबदारी या शब्दाला तो सापासारखा भ्यायचा. मी पट्टी काढून त्यांना गणित समजावलं : एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते, तेव्हा कुठे माणूस स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर जातो. दोन फुटांना चोवीस फूट. सर म्हणाले, चोवीस फूट म्हणजे झेंड्याच्या पलीकडे. झेंड्याचा चौथरा हलवायला वरून परवानगी लागते. मी म्हटलं, मागू. सर म्हणाले, "मॅडम, झेंडा हलवायचा अर्ज मी करू? मी?"

आणि आम्ही दोन शिकलेली माणसं चौथऱ्याभोवती फेऱ्या मारत राहिलो. तोडगा काढला तो रशीदभाईंनी. रशीदभाई नंदुरबारचे वेल्डर, खुर्चीची पायपट्टी वाकली होती ती सरळ करायला त्यांना बोलावलं होतं. त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, झंडे को कायको हात लगाते? सामने जगा नहीं तो बाजू से जाव ना. ओटे को चिपक के, दीवार के साथ साथ. झंडा अपनी जगा, लडकी अपने रस्ते."

ओट्याची बाजू चांगली तीस फूट लांब होती. चार वर्षं मी तिच्या शेजारी स्कूटर लावत होते.

मग एक अडथळा उरला. बोरसे सरांना लेखी हवं होतं, की पडली तर शाळा जबाबदार नाही. हिलालभाऊ अंगठा द्यायला तयार झाले. पूनम म्हणाली, "मी लिखस." आणि तिनं कागद ओढून लिहिलं, "मी पूनम हिलाल, इयत्ता पाचवी. मी पडले तर मी उठेन. कोणी घाबरू नये." खाली सही.

कागद मी सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, परत लावला. "अक्षर तिचं स्वतःचं? कोणत्या शाळेत शिकली हो हे?"

मी म्हटलं, "तुमच्याच. पाचवीच्या पटावर सतरावा नंबर."

पुढच्या आठवड्यात सरांनी शाळा समितीत ठराव केला आणि दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू झालं. हिलालभाऊंच्या पथारीवरचे गडी आपल्या आठवडी सुट्टीचे दोन दिवस राबले. सिमेंटला पाणी मारायला बोरसे सर सुट्टीत रोज सकाळी स्वतः यायचे, मोटारसायकल फाटकाबाहेर लावून. पूनम मला फोन करून रोजचा अहवाल द्यायची. कठडा रशीदभाईंनी जोडून दिला आणि त्याला स्वतःच्या पसंतीनं पोपटी रंग दिला, त्यावर चर्चा नको म्हणाले.

सुट्टी संपून शाळा भरली तो सोमवार मी आयुष्यात विसरणार नाही. पूनम गणवेशात, वेण्यांना रिबिनी, गटारावरच्या फरश्यांवरून एकटी आली. मागे आईबाप, त्यांच्यामागे अर्धी गल्ली. ओट्यावर सगळी शाळा ओळीनं उभी. दोन पोरं ढकलायला धावली, तर ती ओरडली, "हात लावू नका!" आणि चढायला लागली. अर्ध्यात थांबली, ब्रेक लावला, तळहात फ्रॉकला पुसले, पुन्हा निघाली. बोरसे सर तिच्या मागे दोन्ही हात पसरून चालत होते, भरलेला हंडा पडतोय की काय अशा चेहऱ्यानं. ती वर पोचली आणि मगच सरांनी घंटा वाजवायला सांगितली. घड्याळात दहा मिनिटं उशीर झाला होता. नियमांचा एवढा पक्का माणूस, पण त्याला त्या दिवशी कोणी खुलासा मागितला नाही.

वर्गात तिनं फळ्याकडे पाहिलं. मला वाटलं रडेल. मी तर आधीच सुरुवात केली होती.

"हिरवाच शे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, मन्हं ते उत्तर खोडा."

माझ्या पिशवीत तिची दुसरीची वही होती, मिरवायला ठेवलेली. मी पान काढलं आणि माझ्याच हातची बरोबरची खूण खोडून तिथे फुली मारली. सगळ्या नोकरीत इतक्या समाधानानं फुली मारलेली मला आठवत नाही.

इथे गोष्ट गोड करून थांबवता आली असती, पण खरं लिहायचं ठरवलंय. पंधरा दिवसांनी मला सुमनताईंकडून कळलं, की पोर सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाही. का, तर मुलींच्या संडासाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद. मी चढ मोजला, ओटा मोजला, पट्टी घेऊन मिरवले, आणि दिवसभर शाळेत बसणाऱ्या मुलीला काय लागतं ते मोजलं नाही. मी बाई असून मला सुचलं नाही, याची मला अजून लाज वाटते. रशीदभाईंनी चौकट काढून दार रुंद केलं आणि तेही पोपटी रंगवलं. पण ते पंधरा दिवस तिचे गेलेच. आणि त्याआधीची चार वर्षं गेली ती वेगळीच.

आता त्या नोटिशीचं.

शाळा सोमवारी भरली. मंगळवारी मी दुसऱ्या गावी. बुधवारी सकाळी स्कूटर काढली, रनाळं ओलांडलं आणि सवयीनं थेट पूनमच्या दारात जाऊन उभी राहिले. दाराला कडी. चार वर्षांत त्या दाराला बाहेरून कडी मी पहिल्यांदाच बघत होते. आजारी पडली की काय, दवाखान्यात नेली की काय? मी हाका मारल्या तशी शेजारून यमुनामाय बाहेर आल्या.

"कोनी नही शे घरमा. हिलाल नि सुमन पथारीवर गयात, पोर शाळामा गयी. मॅडमले सांगजो, आते घर येऊ नका, असं सांगी गयी. बुधवार ना आज? शाळा शे ना!"

सोमवारी तिच्या वर्गात रडलेली बाई मी, आणि बुधवारी विसरून तिच्या घरी शिकवायला आलेली! मी कपाळावर हात मारला. यमुनामाय हसायला लागल्या. त्यांनी कडी काढली, सुमनताई दाराची जबाबदारी त्यांच्यावरच टाकून गेल्या होत्या. म्हणाल्या, "बठा, च्या ठेवस. पन आते खाले बठनं पडी मॅडम. खुर्ची पोर लई गयी."

मी आत गेले. कोपऱ्यात गोधडी तशीच घडी घालून ठेवलेली. ती पसरली आणि पूनम बसायची त्याच जागी बसले. तिथून दाराच्या चौकटीतून समोरच्या घराच्या भिंतीचा एक तुकडा दिसतो आणि वर थोडं आभाळ. बाकी काही नाही. माणसं गेली तर त्यांचे पाय दिसतात. तेवढ्यात शाळेची घंटा वाजली. अगदी स्पष्ट, कानाशी वाजल्यासारखी. मी वर्षानुवर्षं त्याच खोलीत बसून ती घंटा ऐकली होती, पण खुर्चीतून.

मग मी पिशवीतून गृहभेटीची वही काढली आणि तारीख घालून शेऱ्यात लिहिलं : विद्यार्थिनी घरी आढळली नाही. ती नोंद वर गेली, कोणीतरी टेबलावर बसून नियमानं वाचली आणि मला नोटीस आली. साहेबांना दोष नाही, रकान्यात तसंच दिसत होतं.

खुलाशाला तीन दिवस होते, मी तो त्याच दिवशी दिला. साहेबांनी फोन करून विचारलं, मॅडम, एवढ्या एका ओळीत खुलासा? अजून काही लिहायचं का? मी म्हटलं, नको साहेब, चार वर्षांपूर्वीच लिहायला हवी होती ती ओळ. नोटिशीच्या खाली, त्याच काचेसारख्या प्लास्टिकमध्ये, माझ्या हातची ती ओळ आहे. लांबून नीट वाचता येत नाही, म्हणून पाहुणे गप्प बसतात.

"विद्यार्थिनी शाळेत गेली आहे. घरी येऊ नये, असे तिने कळवले आहे."